मानोलीच्या काठावर काय चाललंय, ऐकलंत का?

तुम्ही घरचे म्हणून सांगतो, चार जणांत बोलू नका. शाहूवाडी तालुक्यात माणसं पहाटे पाचला धरणाच्या काठावर येऊन बसालीत. तालमीला चाललीत म्हणावं तर अंगावर लंगोट नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला निघालीत म्हणावं तर वाट उलटी. रात्रपाळीची लाईट आली म्हणून उसाला पाणी पाजायला उठलीत म्हणावं तर पायात पाचशेची चप्पल नाही, पाच हजाराचे बूट. ही मंडळी कोल्हापुरातनं सत्तरेक किलोमीटर गाडी हाणत आंबा गावाला येतात, विशाळगडाच्या रस्त्याला मानोली धरणाजवळ गाडी लावतात, दार आवाज न करता लोटतात आणि चिखलाकडं बघत बसतात. कोल्हापूरकर माणूस गाडीचं दार हळू लावालाय, तिथंच खरं तर पहिला संशय यायला हवा होता.

सुरुवातीला गावात वेगळीच कुजबुज होती. कुणी म्हणालं, जमिनीचे दलाल असणार, फार्म हाऊसला जागा हेरालेत. कुणी गुप्तधनावर आलं. चट्ट्यापट्ट्यांचे कपडे बघून एकाला तर मिलिटरीच उतरली असं वाटलं, आणि त्यानं घाईघाईनं दारातली विनानंबरची मोटरसायकल गोठ्यात ढकलली. शेवटी म्हशी घेऊन निघालेल्या एका आजीनं तोंड उघडलं.

"काय हरवलंय व्हय बाळांनो?"

"न्हाई आजी, पाखरं बघालोय."

"कुठली पाखरं?"

"ते बघा, वाळल्या फांदीवर. खंड्या."

आजीनं कपाळावर हात धरून नीट बघितलं. "त्यो व्हय! त्यो रोजच असतोय तितं. त्याला बघाय कोल्हापुरास्नं आलासा? घरला म्हातारीला कवा बघाय गेलासा?"

दुर्बिणी खाली आल्या. खंड्यानं तेवढ्यात सूर मारून मासा उचलला, आणि तो क्षण एकाच्याही कॅमेऱ्यात सापडला नाही. आजीला मात्र दिसला.

आता आपल्याकडं नादाला तोटा कधीच नव्हता. कुणाला कबुतरांचा, कुणाला म्हशी पळवायचा, कुणाला पेठांतल्या फुटबॉलचा. पण त्या सगळ्या नादांत एक सज्जनपणा होता. आरडाओरडा व्हायचा, गुलाल उडायचा, शेवटी मटणाचा हंडा चढायचा. बघणाऱ्याला कळायचं की माणूस नाद करतोय. ह्या नव्या नादात माणूस गप्प बसतो हो! सोळा सोमवार केले तरी गप्प न बसणारा माणूस इथं कुजबुजतो. शेजाऱ्याच्या दंडाला बोट लावून, डोळ्यांनी खुणावत, "डावीकडं... खालती... बांबूत..." रेस्टॉरंटात वेटरला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारणारे हेच गृहस्थ बरं का. त्यांच्या घरच्यांना ही शांतता आजार वाटायला लागली तर नवल नाही.

बरं, खर्चाचं ऐका. दुर्बीण म्हणे आठ बाय बेचाळीसचीच हवी. जत्रेतली चालत नाही. कॅमेऱ्याला सहाशे मिलिमीटरची लेन्स, तिला वेगळी तिपाई, तिला वेगळी बॅग, आणि ह्या सगळ्याला पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून घरात एक वेगळं कपाट. आमच्या माहितीतल्या एका गृहस्थांकडं बायकोनं पाटल्यांचा विषय काढला, तर म्हणाले, सोनं फार चढलंय, जरा थांबू. आठवडाभरात लेन्स आली. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुलाची जुनी दुर्बीण शोधून काढली आणि परसात, गच्चीवर, भाजी आणायला जाता-येता बघायला लागल्या. आज परिस्थिती अशी की पक्ष्यांच्या यादीत वहिनी पुढं आणि लेन्सवाले मागं. जेवताना विषय निघाला की गृहस्थ आमटीत बघतात.

हो, यादी! मूळ रोग तोच. कुठला पक्षी आयुष्यात पहिल्यांदा दिसला की त्याला 'लायफर' म्हणायचं, आणि दिवस-वेळ-जागेसह मोबाईलवर ई-बर्डात नोंदवायचं. ह्यात सरकारही सामील आहे. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. शाळेची पोरं त्या आठवड्यात तळ्यावर नेतात. मग घरी फोन येतो, "आज रंकाळ्यावर तीस-चाळीस वारकरी होते," आणि घरची आजी आषाढी नसताना हात जोडते. तिला कोण सांगणार की हा वारकरी काळा, पांढऱ्या चोचीचा, पाण्यात डुबक्या मारणारा? चितमपल्लींनी 'पक्षिकोश' लिहून मराठीत पाखरांची नावं एका जागी आणली. त्याचा असा उपयोग होईल हे त्यांच्याही ध्यानात नसणार.

आता ह्या मंडळींच्या तोंडी सतत एक विषय असतो, पाणथळ. दलदल, तळी, धरणाचं मागचं पाणी, सगळं त्यात आलं. १९७१ साली २ फेब्रुवारीला इराणातल्या रामसर गावी पाणथळींसाठी करार झाला, म्हणून ती तारीख जागतिक पाणथळ दिन. महाराष्ट्रात रामसरचा शिक्का मिळालेल्या जागा तीन : नाशिककडचं नांदूर मध्यमेश्वर, बुलढाण्याचं लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी. पहिला मान २०२० साली नांदूर मध्यमेश्वरनं पटकावला. आणि तो कशामुळं? गाळामुळं! गोदावरी-कादवेच्या संगमाशी बांधलेला शंभर वर्षांपूर्वीचा बंधारा, त्यात गाळ साठत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या, पाणी उथळ झालं आणि हिवाळ्यात बदकांनी डेरा टाकला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जे नुकसान, त्याचंच जगभरातनं कौतुक. आम्ही इथं रंकाळ्यातली जलपर्णी काढता काढता दमलो, आम्हाला कुणी शाबासकी दिली नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला रामसरचा शिक्का नाही, हे खरं. पण त्याच रामसरच्या वर्गीकरणात भातखाचरसुद्धा पाणथळ धरलंय, हे ह्या मंडळींनीच मला ऐकवलं आणि मी उडालोच. म्हणजे बघा, आंबा, गजापूर, बर्की, येळवणच्या बाया पिढ्यान्पिढ्या आषाढात डोक्यावर इरलं घेऊन, पोटरीएवढ्या चिखलात कमरेतनं वाकून भाताची रोपं लावत आल्या. त्या सगळा वेळ जागतिक महत्त्वाच्या अधिवासात उभ्या होत्या! बगळे त्यांच्यामागनं चालायचे, बेडूक त्यांच्या पायावरनं उड्या मारायचे, टिटवी बांधावर ओरडायची, आणि एकीनंही 'लायफर' नोंदवला नाही. आज त्याच बांधावर शहरातली माणसं पैसे मोजून उभी राहतात, आणि "इथं चिखल फार आहे हो" अशी तक्रार करतात. मला विचाराल तर सगळ्यात मोठा चावटपणा हाच.

पाऊस सुरू झाला की मामला आणखी बिघडतो. शाहूवाडीच्या डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सडे आहेत. उन्हाळ्यात तिथं तापलेल्या कातळाशिवाय काही नसतं. मृग लागला की खळग्याखळग्यात पाणी साठतं, कातळावर वीतभर ओली माती धरते आणि चार महिन्यांचं तळं तयार होतं. मग श्रावण-भाद्रपदात तिथं जांभळ्या-निळ्या फुलांचा गालिचा. त्यात एक नाजूक फूल आहे, नाव सीतेची आसवं. नावावर जाऊ नका. त्या ओल्या मातीत तिचे बारीक बारीक फुगे पसरलेले असतात, प्रत्येक फुग्याला झडप. पाण्यातला सूक्ष्म जीव झडपेच्या केसाला लागला की निमिषात आत ओढला जातो आणि पचतो. शेजारी दवबिंदू नावाची वनस्पती, पानावर चिकट थेंब, माशी बसली की संपली. त्या मातीत नत्र कमी, म्हणून झाडांनी हा मार्ग धरला, असं ह्या मंडळींचं म्हणणं. ते काही असो. श्रावणात अख्खं कोल्हापूर काळजावर दगड ठेवून मटण सोडतं, आणि ही बया भर श्रावणात, सीतेच्या नावावर, राजरोस सामिष खाते. आणि आमची माणसं पोटावर पालथी पडून तिचे फोटो काढतात!

रात्रीचं तर बोलायचीच सोय नाही. आंब्याच्या जंगलात जून-जुलैत रात्री नवाला जेवणं आटपली की टॉर्च घेऊन, गमबूट घालून जोड्या बाहेर पडतात. नवविवाहितसुद्धा. आम्ही विचारलं, कुठं? म्हणे बेडूक बघायला. बरं, बेडूक काय करतो ते बघायला? त्याचं प्रणयाराधन बघायला! पाण्यावर लवलेल्या फांदीवर हिरवागार मलबारी उडता बेडूक बसतो. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते, त्या फेसात अंडी घालते, पानांच्या आडोशाला फेसाचं घरटं टांगलेलं राहतं, आणि अंडी फुटली की पिल्लं खालच्या डबक्यात टपाटप पडतात. कधी कधी एका मादीपाशी एकाहून जास्त नर जमतात. आमच्या लहानपणी असलं काही अंगणात दिसलं तर मोठी माणसं पोरांना आत पिटाळायची. आता त्याचा चार मिनिटांचा व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि मामेसासरे खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकतात.

आणि पाली! भिंतीवर पाल दिसली की केरसुणी शोधणारी माणसं इथं दगडाच्या कपारीत टॉर्च मारून पाल हुडकतात. आंब्याच्या रानात सापडलेल्या एका छोट्या पालीला शास्त्रज्ञांनी २०१९ साली निमास्पिस आंबा असं नाव दिलंय. गावाचं नाव जगभर गेलं ते एका पालीमुळं. ग्रामपंचायतीनं स्वागत कमान उभारावी का नाही, हा विषय अजून कुणी काढलेला नाही, पण निवडणुका यायच्यात.

एक मात्र ह्या नादाच्या बाजूनं बोललं पाहिजे. जळवांसमोर सगळे सारखे. लेन्स कितीची, गाडी कुठली, कुणाचा मेहुणा आमदाराच्या जवळचा, जळू काही विचारत नाही. ओल्या पालापाचोळ्यात उभी राहते, तुमच्या अंगाची ऊब आणि पायाची धडधड ओळखते, मोज्याच्या विणीतनं आत शिरते. चावल्याचं कळतही नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असल्यानं ती पोट भरून गळून पडली तरी रक्त वाहत राहतं, म्हणून हॉटेलावर पांढऱ्या चादरी बघून माणसं किंचाळतात. गावचा वाटाड्या शांतपणे मिठाची पुरचुंडी पुढं करतो. कुस्तीच्या मातीत वाढलेला, दंड थोपटून बोलणारा एक पैलवान गडी दोन इंचाच्या जळवेला बघून दगडावर चढून बसलेला आम्ही ह्या डोळ्यांनी पाहिलाय. त्याचा फोटो मात्र कुणी ई-बर्डात टाकला नाही.

खरी खबर तर पुढंच आहे. वरच्या अंगाला, चांदोलीत, लग्न जमवायचं चाललंय.

चांदोली म्हणजे वारणेचं धरण, त्याचा वसंतसागर जलाशय, ३४.४० टीएमसीचा, आणि त्याच्याभोवतीचं ३१७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, चारी जिल्ह्यांच्या सीमा तिथं भेटतात, आणि कोल्हापूरच्या वाट्याला येतो तो आमचा शाहूवाडी. १९८५ ला अभयारण्य, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला कोयना अभयारण्याबरोबर मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत. पदव्या भरपूर, घरात वाघ मात्र कधीमधी. लोक टोमणे मारायचे, वाघाविना व्याघ्र प्रकल्प. मग २०१८ साली कॅमेऱ्यात एक पठ्ठ्या दिसला. पुढं नर दिसत गेले, त्यांना नावंही भारदस्त मिळाली : सेनापती, सुभेदार, बाजी. पावनखिंडीच्या मुलखात वाघाचं नाव बाजी असणार नाही तर काय पिंट्या? पण तिघेही सडे. शेवटी २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातनं चंदा नावाची वाघीण पकडून पार चांदोलीत आणली. आधी सोनार्लीच्या कुंपणात ठेवली, मग मोकळी सोडली. आणि रीतीप्रमाणं नाव बदललं, आता ती तारा.

मुलगी विदर्भातली, हवा कोरडी, तिथलं जंगल सपाट. इकडं उभे कडे, चार महिने पाऊस आणि गवा हजार किलोच्या घरात. तिला हे मानवणार का, ह्याची काळजी शाहूवाडीतल्या मलकापूरच्या बाजारात भाजी घेता घेता चाललेली असते. मध्यस्थ वनखातं, गळ्यात पट्टा, पट्ट्यावरनं ती कुठं जाते ते कळतं. सासू लोकांना हा पट्टा फार आवडलाय म्हणे.

आणि हे सगळं जंगल एकट्या चांदोलीचं नाही. खाली राधानगरीचं अभयारण्य, १९५८ सालचं, राज्यातलं पहिलं, गव्यांसाठी नावाजलेलं. मधल्या अंगाला विशाळगडाचं रान, त्यालाही आता संवर्धन राखीवाचा दर्जा मिळालाय. वाघाला उत्तर-दक्षिण जायचं तर वाट शाहूवाडीच्या डोंगरातनंच आहे. आडवा मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्ग येतो, त्याचं रुंदीकरण चाललंय. बाजीनं रस्ता कुठनं ओलांडायचा, हा प्रश्न कुणाला पडला होता का, मला माहीत नाही.

बघ्यांना मात्र वाघ दिसत नाही. दिसतो गवा. दिसतं ते शेकरू, भेकर, धनेश. झोळंबीच्या सड्यावर, जनीच्या आंब्यापाशी, लपणगृहात माणसं श्वास धरून बसतात. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला तर रात्रभर मचाणावर. पूर्वी ह्या रात्री पाणवठ्यावर प्राण्यांची गणना व्हायची. आता मोजणीचं खरं काम झाडांना बांधलेले कॅमेरे करतात, म्हणून मचाणावरच्या रात्रीला निसर्गानुभव म्हणतात. अनुभव येतोही. वरनं चांदणं, खाली काळं पाणी, दूर कुठंतरी सांबराची हाक, आणि रात्री दोनला शेजारच्या मचाणावर कुणीतरी भडंगाची पिशवी उघडतो. त्या प्लास्टिकचा चुरचुर आवाज दरीच्या पलीकडं ऐकू जातो. पाण्याला तोंड लावायला आलेला गवा मान वर करतो, एकदा फुंकरतो आणि माघारी वळतो. त्या माणसाचं नाव पुढं वर्षभर घेतलं जात नाही, नुसतं 'भडंग' म्हणतात.

आता जरा खालच्या आवाजात बोलायच्या गोष्टी.

पाखरू पानाआड लपलं, फोटो मिळत नाही, तर काही महाभाग मोबाईलवर त्याच जातीच्या नराचा आवाज वाजवतात. त्या बिचाऱ्याला वाटतं हद्दीत दुसरा गडी शिरला. तो खायचं सोडून, घरटं सोडून, छाती काढून समोर येतो. फोटो मिळतो, लाईक मिळतात, आणि दुसरी गाडी येऊन तोच आवाज परत वाजवते. राधानगरीच्या बाजूला मे-जूनात काजवे बघायला गर्दी होते. नर लुकलुकून मादीला हाक देतो आणि मादी उत्तर देते, एवढ्यासाठीच तो सगळा प्रकाश. तिथं माणसं गाडीचे दिवे आणि मोबाईलचे टॉर्च लावून रील करतात. एकमेकांना शोधणारे ते जीव त्या झगझगाटात एकमेकांना दिसत नाहीत. आणि गव्याचं काय झालं, ते आठवतं ना? डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा वस्तीत शिरला. बघ्यांनी त्याला पळवला, गल्लोगल्ली हुसकला, शेवटी पकडला, आणि तो मेला. त्याला कुणाचा राग नव्हता, फक्त वाट हवी होती. त्या दिवशी जमलेला प्रत्येक जण घरी जाऊन म्हणाला असेल, मी गवा बघितला.

बघण्याचं एवढं वेड आलंय कुठनं, ते आपल्या इतिहासात शोधायला गेलं तर हसू येईल. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळलेले असायचे, त्यांच्याकरवी हरणांची शिकार व्हायची, चित्ते आफ्रिकेतनंसुद्धा आणले जायचे. राधानगरीकडचं दाजीपूरचं रान टिकलं ते राजाचं शिकारीचं रान म्हणून. विशाळगडचे पंतप्रतिनिधी मलकापुरात वाडा करून होते, त्यांच्याही मुलखात जनावर विपुल. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर बंदुका भिंतीवर गेल्या. ज्याच्या आजोबांचा सांबराच्या शिंगांबरोबर फोटो आहे, त्याच घरातला नातू आज सांबराची विष्ठा बघून, "ताजी आहे!" असं आनंदानं ओरडतो. आजोबांच्या फोटोनं भिंतीवर तोंड फिरवलं असणार. मला तरी नातूच पसंत आहे.

एक बोचणी मात्र जात नाही. झोळंबी, सोनार्ली, निवळे ही नावं तुम्ही आता सफारीच्या नकाशावर वाचता. ती गावं होती. तिथं चुली होत्या, देवळं होती, खाचरं होती. धरण आणि अभयारण्यासाठी ती उठली, माणसं खाली उसाच्या मुलखात गेली, आणि पुनर्वसनाच्या जमिनीसाठी चांदोलीग्रस्त वर्षानुवर्षं कोल्हापुरात धरणं धरत आलेत. सड्याखालच्या बॉक्साइटसाठी शाहूवाडी तालुक्यात खाणी लागल्या, तेव्हा कुणी लपणगृह बांधलं नव्हतं. जे रान राहिलंय त्याच्या कडेला राहणाऱ्याच्या भातात रात्री गव्यांचा कळप उतरतो. सकाळी तो नुकसानीच्या पंचनाम्याची वाट बघतो आणि त्याच सकाळी आपण त्याच्या बांधावरनं "वाव, गवा!" म्हणतो. त्याचा चेहरा फोटोत येत नाही, कारण आपली लेन्स लांबचं बघायची असते.

म्हणून नाद करू नका असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं तरी तुम्ही ऐकणार थोडंच? ज्या घरात पाटल्यांऐवजी लेन्स आली, तिथं आता मागं फिरायची सोय नाही. आणि खरं सांगायचं तर तो गप्प बसलेला कोल्हापूरकर मला बघवतो. आयुष्यभर स्वतःचाच आवाज ऐकलेला माणूस तासभर टिटवीचा ऐकतोय, हे काही वाईट नाही. त्याच्या घरातसुद्धा जरा शांतता राहते, असं वहिनींचं म्हणणं.

पण येणार असाल तर नीट या. चांदोलीचं उद्यान पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं, जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तेव्हा निघायच्या आधी वनखात्याकडं विचारा, गेटवर जाऊन हुज्जत घालू नका. आवाज वाजवून पाखरू बोलवू नका. खाचराच्या बांधावर चालताना रोपं तुडवू नका, पीक कुणाचं तरी आहे. राहायला, जेवायला गावातलं घर बघा, मुक्कामाचे पैसे गावात राहू द्या. वाटाड्या इथलाच घ्या, त्याला जंगल वडिलांकडनं आलंय. आणि शहरात दीड लाखाच्या लेन्सला एक रुपया कमी करून मागितला नव्हता, तर इथं त्याच्या मजुरीवरनं घासाघीस करू नका.